पुंगळीचा मणी : आरपार उजेड दिसायला हवा

वाचकांचे प्रश्न : धातुकामाचं पान
(उत्तरं देणारे भूदलाच्या दारूगोळा विभागातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ आहेत. ते देवळाली कॅम्प, नाशिक इथे राहतात आणि पितळकाम करतात.)

प्रश्न : माझे सासरे सैन्यात होते. मागच्या वर्षी ते गेले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांची एक पिशवी निघाली. तिच्यातच टोकाला तांबूस गोळी असलेली दोन पूर्ण काडतुसंही आहेत. मिस्टर म्हणतात, "बाबांनी ती निकामी करूनच आणली असणार, शिवाय इतकी जुनी आहेत." मी खड्या-मण्यांचे दागिने करून विकते. या पुंगळ्यांचे मणी करून तिन्ही नणंदांना त्यांच्या वडिलांची आठवण म्हणून एकेक माळ द्यावी, असं मनात आहे. सुरक्षितपणे कसं करता येईल?
— एक वाचक, जेल रोड, नाशिक रोड

उत्तर : ताई, माळेचं सगळं सविस्तर सांगतो. पण आधी त्या दोन काडतुसांचं बघू.

ती आहेत तिथेच राहू द्या. हलवून आवाज ऐकू नका, पक्कड लावू नका, टोक उपसून बघू नका. बंदुकीचं काडतूस ट्रंकेत पडल्या पडल्या आपोआप उडत नाही, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. झाकण लावा, मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका आणि ११२ ला किंवा तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला फोन करा. "सासऱ्यांच्या पश्चात ट्रंकेत काडतुसं सापडली आहेत, येऊन घेऊन जा," एवढं सांगितलं की पुरे. पिशवीत घालून स्वतः दुचाकीवरून ठाण्यात नेऊ नका. ज्याच्याजवळ काडतूस ठेवण्याचा अधिकार उरलेला नाही त्याने ते अनावश्यक विलंब न करता जवळच्या ठाण्यात जमा करावं, असं १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम २१ सांगतं. तुम्ही स्वतःहून कळवलंत, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. जमा केल्याची पोहोच मात्र लेखी घ्या आणि जपून ठेवा.

आता "निकामी" या समजुतीबद्दल. काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. लोकांना भीती दारूची वाटते, पण खरी नाजूक असते ती टोपी. तिच्यात लेड स्टिफ्नेट, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड अशी द्रव्यं असतात. ती आघाताने पेटावीत म्हणूनच तिथे घातलेली असतात. जुन्या काळच्या टोप्यांत पाऱ्याचं फल्मिनेट असे. वर्षं लोटली म्हणून ही द्रव्यं मेली, असं धरून चालत नाही. काडतूस तेलात किंवा पाण्यात भिजत ठेवलं की मरतं, असं गावोगाव सांगतात. त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. टोपी लाखेने बंद केलेली असते, आणि भिजलेली टोपी वाळल्यावर पुन्हा काम करू शकते.

सैन्यात शिकवणीसाठी खरोखर निकामी काडतुसं असतात, त्यांना आम्ही ड्रिल राउंड म्हणतो. पण ती कारखान्यातून तशीच घडवून आलेली असतात आणि त्यांच्या अंगावर तशा खुणा असतात. बाहेरून पूर्ण दिसणारं काडतूस आतून रिकामं आहे, हे सांगण्याचा अधिकार ते तपासून लेखी देणाऱ्याचाच. जबलपूरला आम्हाला दारूगोळ्याचं शिक्षण मिळालं त्यात एक शिस्त हाडात मुरवली होती : जे सिद्ध झालेलं नाही ते जिवंत. तुमच्या सासऱ्यांनाही ही शिस्त माहीत असणार. त्यांच्या माणसांनी ती पाळली तर त्यात त्यांच्यावरचा अविश्वास नाही.

पोलीस येतील तेव्हा पुंगळ्याही त्यांना दाखवा आणि त्या ठेवून घेतल्याची नोंद करायला सांगा. हे आवर्जून सांगतोय, कारण शस्त्र कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसलेले किरकोळ भाग जवळ असणं कलम ४५ ने वगळलं आहे, म्हणजे शोभेच्या पुंगळीला कायद्यात जागा आहे. पण कलम दाखवून वाद घालत बसण्यापेक्षा हातात कागद असलेला बरा.

ते झालं की पुंगळ्या घेऊन दिवसाउजेडी अंगणात किंवा गच्चीवर बसा. खाली वर्तमानपत्र अंथरा, हातात मोजे घाला. एकेक पुंगळी उचलायची आणि तीन ठिकाणी बघायची. तोंड उघडं आहे का? आत विजेरीचा झोत टाकल्यावर तळ स्वच्छ दिसतो का, की काही भुकटी, कागद, मेण अडकलेलं आहे? आणि बुडाच्या मधोमध टोपीवर पिनेचा खळगा पडलेला आहे का? तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ती उडालेली पुंगळी. एकही चुकली तर ती बाजूला ठेवून पोलिसांच्या हवाली. खळगा पडलाय पण गोळी जागेवर आहे, तर तो मिसफायर, म्हणजे पिन आपटूनही न उडालेलं काडतूस. त्याला तर हातही लावायचा नाही. पॉइंट टू-टूच्या छोट्या पुंगळीला मधली टोपी नसते, तिचं द्रव्य बुडाच्या काठात भरलेलं असतं, त्यामुळे खूणही काठावरच दिसते.

एका प्रकाराने मात्र जाणते लोकही चकतात. सलामीसाठी आणि सरावासाठी वापरतात त्या ब्लँक काडतुसाला गोळीच नसते. त्याचं तोंड कळीसारखं पाकळ्या दुमडून मिटवलेलं असतं. गोळी नाही म्हणून लोक ते रिकामं समजतात, पण आत दारू आणि टोपी दोन्ही जिवंत असतात. पाकळ्या मिटलेल्या असतील तर ते काडतूसच समजा.

आता या कामातला दुसरा धोका. हा आवाज करत नाही, म्हणून त्याच्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात : शिसं. टोपी पेटते तेव्हा तिच्यातलं शिसं काजळीबरोबर पुंगळीच्या आत बसतं. गोळीच्या बुडाचंही थोडं शिसं त्यात मिसळतं. ती काळी पूड नाकातोंडात गेली तर रक्तात उतरते. मुलांच्या रक्तातलं शिसं किती असलं तर चालेल, याची सुरक्षित पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून कोरडं काहीही करायचं नाही. कोरडं घासणं नाही, फुंकर मारणं नाही, झाडूने गोळा करणं नाही. पुंगळ्या आधी पाण्यात. त्यासाठी प्लास्टिकचा जुना टब घ्या आणि तो पुन्हा घरकामाला वापरू नका. स्वयंपाकघरातलं सिंक नको, ओट्यावरचा ब्रश नको. गरोदर बाई आणि लहान मूल आसपास नको. काम संपल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, कपडे वेगळे धुवा आणि मगच चहाचा कप हातात घ्या.

टबात एक लिटर कोमट पाणी, चमचाभर लिंबूसत्त्व आणि भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घाला. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बाटली धुवायच्या बारीक ब्रशने आतून पाण्याखालीच घासा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. चिंच-मीठही चालतं, भांडी बाजारात पिढ्यान् पिढ्या तेच चाललंय. पण रात्रभर भिजत ठेवू नका. आम्लात फार वेळ राहिलेल्या पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर तांब्याचा गुलाबी डाग उमटतो, तो सहज जात नाही. टबातलं काळं पाणी बागेत ओतू नका. गाळ खाली बसू द्या आणि तो पुसून बंद डब्यात ठेवा.

अमोनिया असलेला कुठलाही क्लीनर आणि नवसागर मात्र या पुंगळ्यांना लावू नका. याची एक गोष्ट आहे आणि ती आपल्याच देशातली आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेत पावसाळा आला की साठवलेली काडतुसं आपोआप तडकायची. कुणी हात लावलेला नसे, तरी पितळेला उभ्या चिरा. दारूगोळा तबेल्यांमध्ये ठेवलेला असे. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा यांनी ताणलेलं पितळ फुटत होतं. पितळ ओढून पुंगळी करतात तेव्हा धातूत ताण साठून राहतो, आणि अमोनिया नेमका तिथेच शिरतो. याचा नीट उलगडा झाला १९२१ मध्ये. उपाय निघाला तो सौम्य आच देऊन ताण सोडवण्याचा. तुमच्या रायफलच्या पुंगळ्यांच्या मानेजवळ, म्हणजे तोंडाशी अरुंद झालेल्या भागाजवळ, निळसर-तपकिरी झाक दिसत असेल तर ती मळ नाही, ती कारखान्यात मानेला दिलेल्या आचेची खूण आहे. मी ती झाक कधीच घासून काढत नाही. सोनेरी पितळेवर तो रंग अतिशय सुंदर दिसतो आणि कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

आता कापणं. माझं मत ठाम आहे : बुडाचा मणी करू नका. पुष्कळ जण बुडाचीच चकती कापतात, कारण तिच्यावर अंक-अक्षरांचे ठसे असतात. पण टोपी त्याच तुकड्यात आहे, टोपीतलं शिसंही तिथेच. बुडापासून साधारण एक सेंटिमीटर वर कापा आणि बुडं वेगळ्या बरणीत टाका. राहिलेली नळी दोन्हीकडून उघडी. ती उजेडाकडे धरली की पलीकडचं आभाळ दिसतं. हा तुकडा निकामी आहे हे सांगायला मग कुणाचा दाखला लागत नाही, दागिना पाहणाऱ्यालाही लागत नाही. मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, मण्यातून आरपार उजेड दिसला नाही तर तो माळेत नाही.

कापताना नळीत बसेल अशी लाकडाची गोल काडी आत सरकवा, म्हणजे पातळ पितळ चेपत नाही. वाइसच्या जबड्यांना चामडं किंवा जाड कापड लावा. वाइसमध्ये धरायची ती नळी, टोपीचं बूड नव्हे. सराफ वापरतात ती बारीक दातांची तारेसारखी करवत घ्या, मेणाचा हात द्या आणि कापताना पाण्याचे थेंब सोडत राहा. चष्मा आणि नाकाला धुळीसाठीचा चांगला मास्क हवाच. ग्राइंडरला लावायची घाई करू नका. वेगाने फिरणारी चकती पितळ तापवते, धूळ उडवते आणि छोटा मणी हातातून हिसकावून भिरकावते.

एका पुंगळीतून किती निरनिराळे मणी निघतात बघा. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब असते. मान सुमारे पावणेनऊ मिलिमीटर रुंद. तिचा एक नाजूक पातळ मणी निघतो. तिच्याखालचा खांदा उतरता असतो, तो कापला की छोट्या घंटेसारखा मणी होतो. तो मी पदकाच्या वर, माळेच्या मधोमध घालतो. खालचं अंग साडेअकरा ते बारा मिलिमीटरचं, आणि खाली खाली भिंत जाड होत जाते. म्हणून बुडाकडचे मणी वजनदार, मानेकडचे हलके. माळ ओवताना जड मणी खाली आणि हलके मानेकडे घेतले तर ती गळ्यात फिरत नाही. इन्सास रायफलच्या ५.५६ मिलिमीटरच्या पुंगळीचे मणी आणखी बारीक होतात, ते डुलांना छान. तुमच्या पिशवीत दोन्ही असतील तर नशीबवान आहात.

हे पितळ साधंसुधं नसतं. शंभरात सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. ओढ सहन करणारं, चिवट, रंगाला उबदार. आपल्याकडे वरणगावच्या कारखान्यात रायफलची काडतुसं होतात, तेव्हा तुमच्या ट्रंकेतलं पितळ कदाचित इथून फार लांब घडलेलंही नसेल.

कापल्यावर प्रत्येक मण्याच्या आतल्या-बाहेरच्या कडा बारीक गोल कानशीने मारा. इथे कंटाळा केलात तर आठवड्याभरात दोरा तुटेल. मग पाण्यातला पॉलिश पेपर, आधी ४००, मग ८००, मग १२००, ओलाच. शेवटी साबणाच्या पाण्यात परत धुवा, कोरडे करा आणि लॅकरचा पातळ हात द्या. लॅकरने पितळ काळं पडत नाही आणि अंगाला हिरवट डाग येत नाही. ओवायला सराफ बाजारातल्या पटवेकऱ्याकडे न्या. दोन पितळी मण्यांच्या मध्ये एक छोटा मणी किंवा दोऱ्याची गाठ हवी, नाहीतर धातूवर धातू घासून लॅकर उडतं. पटवेकरी ते न सांगता करतो.

सासऱ्यांच्या पलटणीचा रंग माहीत असेल तर दोरा त्या रंगाचा घ्या. नणंदांना ते चटकन ओळखू येईल.

प्रश्न : आमचं गाव फायरिंग रेंजच्या कडेला आहे. फायरिंग संपलं की पोरं पितळ-तांबं वेचायला जातात, भंगारवाला चांगले पैसे देतो. मी बारावीत आहे. इंटरनेटवर पाहिलं की परदेशात अशा पुंगळ्यांचे मणी करून विकतात. आपण भंगारात देण्याऐवजी मणी केले तर जास्त पैसे मिळतील ना? कुठली वस्तू उचलावी, कुठली नाही, हे सांगाल का?
— एक विद्यार्थी, ता. नाशिक

उत्तर : नाही सांगणार. कारण तुला ओळखता यावं असं काही नाहीच तिथे. मी आयुष्यभर हेच काम केलं आणि तरीही रेंजवर पडलेली वस्तू बघून मी ती उचलणार नाही.

रायफलच्या रेंजवर उडालेली पुंगळी जवान मोजून जमा करतात. नेम धरायच्या जागी जितकी काडतुसं दिली तितक्या पुंगळ्या परत द्याव्या लागतात. त्यामुळे तुमच्या पोरांना जे सापडतं ते बहुतेक तोफांच्या माऱ्याच्या जागेवरचं असतं. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, इथे तोफा डागतात. तोफेच्या गोळ्याच्या टोकाला फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी यंत्रणा, असतो. गोळा उडाला, जमिनीवर आपटला आणि फुटला नाही, तर तो फ्यूज अर्ध्या वाटेवर थांबलेला असतो. तो गोळा तोफेत असताना होता त्याहून आता जास्त धोकादायक आहे, कारण त्याची सुरक्षेची कळ आधीच सुटलेली आहे. उचलणं, पालथं करणं, उन्हात तापणं, हातोडीचा एक ठोका, कशानेही तो फुटू शकतो. आणि भंगारवाला पितळेचा किंवा तांब्याचा पट्टा वेगळा करायला हातोडीच मारतो.

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचं नाव तू ऐकलं असशील. तिथे देशातला सर्वांत मोठा दारूगोळा डेपो आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला तिथल्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला, सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजुरीवर आलेले लोक होते. तिथे काम ठरलेल्या पद्धतीने, देखरेखीखाली चाललं होतं. तुम्ही पोरं तर चप्पल घालून, पोतं घेऊन जाता.

शिवाय रेंजवरचं भंगार सरकारची मालमत्ता आहे. फायरिंगच्या दिवसांत त्या जमिनीत जायला १९३८ च्या कायद्याने बंदी घालता येते, त्याच्या नोटिसा तुमच्या ग्रामपंचायतीत लागतात. त्या वाच आणि धाकट्यांना वाचून दाखव. काही पडलेलं दिसलं तर जागा लक्षात ठेव, आल्या पावली मागे फीर आणि पोलिसांना किंवा कॅम्पच्या चौकीला कळव. खूण म्हणून दगड रचायलाही जवळ जाऊ नकोस.

मण्यांचं म्हणशील तर तुझी हौस मला आवडली. भांडी बाजारात पितळी नळी वजनावर मिळते, कापायची करवत स्वस्त असते. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे ये, पहिले मणी आपण त्या नळीचे करू. पत्ता संपादकांकडून घे. येताना आई किंवा वडिलांना बरोबर आण, कारण जे वर सांगितलं ते मला त्यांनाही सांगायचंय.

प्रश्न : सातपूर एमआयडीसीत माझा लेथचा छोटा वर्कशॉप आहे. इथिओपियात पुंगळ्या वितळवून मणी ओततात, त्यांना बाहेर मोठी मागणी आहे असं कळलं. पुंगळ्यांचं भंगार मिळवून ओतकाम करावं का? एका दलालाने किलोच्या भावात देऊ केलंय.
— एक उद्योजक, सातपूर

उत्तर : इथिओपियातले कारागीर ते काम करतात हे खरं आहे, आणि त्यांचे मणी देखणे असतात. पण ते बघून दलालाकडून पोतं घेऊ नका.

पोत्यातल्या हजार पुंगळ्यांत एक न उडालेलं काडतूस असलं तरी भट्टीजवळचा माणूस जातो. मुशीत तापलेलं पितळ आहे आणि त्यात ते फुटलं, तर वितळलेला धातू अंगावर येतो. २००४ साली दिल्लीजवळ साहिबाबादला परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत गोळे निघाले, कारखान्यात स्फोट होऊन दहा कामगार गेले. त्यानंतरच आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले. मोठ्या कारखान्याच्या नजरेतून जे सुटलं ते तुमच्या एका हेल्परच्या नजरेत येईलच, असं धरून चालू नका.

दुसरं, जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पितळ वितळायला जवळपास तेवढीच आच लागते. म्हणून ओतारी पितळेवरच्या पांढऱ्या धुराला जपतात. तो धूर जस्ताचा असतो. छातीत गेला की संध्याकाळी थंडी-ताप भरतो. पुंगळ्यांच्या काजळीतलं शिसं त्यात मिसळलं तर त्रास एका संध्याकाळपुरता राहत नाही.

आणि तिसरं, दलालाला विचारा की हा माल कुठल्या लिलावातला. संरक्षण खात्याचं भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकलं जातं, त्याचे कागद असतात. कागद नाहीत म्हणजे माल चोरीचा असू शकतो, आणि मग शस्त्र कायदा तुमच्या वर्कशॉपच्या दारात येतो.

तुमच्याकडे लेथ आहे, हे तुमचं भांडवल. सत्तर-तीसची पितळी नळी घ्या, पुंगळीच्या खांद्याचा उतार लेथवर काढा, मणी तंतोतंत जमतील. विकताना मात्र ते पुंगळीचे आहेत असं सांगू नका, पितळेचे म्हणूनच विका. खऱ्या पुंगळीच्या मण्याची किंमत त्यामागच्या माणसामुळे असते. वर पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या नणंदांना त्या माळेसाठी दुसरं कुठलंच पितळ चालणार नाही.

प्रश्न : उडालेल्या गोळीचं टोक, म्हणजे तांबूस भाग, लोलक म्हणून वापरू का? आणि बाळाच्या मनगट्यांत काळ्या मण्यांबरोबर पुंगळीचा एक मणी घातला तर?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : दोन्ही नको. त्या तांबूस कवचाच्या आत बहुतेक वेळा शिशाचा गाभा असतो आणि बुडाकडून तो उघडाच दिसतो. घासलात की बोटाला करडा रंग लागतो, तेच शिसं. टोकाला रंग दिलेला असेल तर ती गोळी आग लावणारी किंवा माग दाखवणारीही असू शकते, ती तर पोलिसांनाच द्या.

बाळ मनगट्या तोंडात घालतं. पुंगळीचा मणी कितीही धुतला तरी बाळाच्या तोंडासाठी नाही. काळे मणी आणि चांदीचे वाळे पुरेत.

प्रश्न : माझ्या भावाने अशी माळ करून दिली आहे. ओझरहून विमानाने जाताना गळ्यात घातली तर चालेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : घालू नका, सामानातही ठेवू नका. विमानतळावर तपासणाऱ्याला पडद्यावर पुंगळीचा आकार दिसतो, तुमच्या भावाचा हेतू दिसत नाही. बुडं काढून कापलेले मणी असतील तरी बॅग उघडणं, चौकशी, कदाचित पोलिसांचा जबाब, आणि विमान सुटलेलं. बुडासकट अख्खी पुंगळी लोलक म्हणून लावलेली असेल तर गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो. भावाला सांगा, तो लोलक काढून त्याजागी खांद्याचा मणी बसव. तोवर माळ घरीच ठेवा आणि प्रवासाला मोत्यांची घाला.

पुढच्या अंकासाठी पितळेच्या डागडुजीचे प्रश्न पाठवा, दोन-तीन आलेले आहेतच. पुंगळ्यांबद्दल विचारायचं असेल तर सोबत फोटो पाठवा, वस्तू पोस्टाने पाठवू नका.